दुसऱ्यांत पहिला कोण?

सूस कुठे आलं, असं कुणी विचारलं की आम्ही सूसवासी आधी पाषाणचं नाव घेतो, मग बाणेरचं, मग हायवेचं. समोरचा "हां हां, बाणेरच्या तिकडे" म्हणाला की गप्प बसतो. बिल्डर मंडळी आमच्याही पुढे गेलीत. त्यांच्या फलकांवर आमच्या डोंगरउताराचं नाव 'बाणेर अ‍ॅनेक्स' असतं. २०२१ साली गाव पुणे महापालिकेत गेलं तेही तेवीस गावांच्या घोळक्यात, म्हणजे तो प्रवेशसुद्धा समूहदृश्यातलाच. मुळशी तालुक्यातल्या या गावाला प्रमुख भूमिका म्हणून कधी मिळाली नाही. सूस हा जन्माचा सहाय्यक अभिनेता आहे.

त्यामुळेच की काय, आमच्या सोसायटीच्या चित्रपट मंडळात सहाय्यक अभिनेत्यांबद्दल भलतीच आपुलकी आहे. मंडळ म्हणजे क्लबहाऊसमधला एक प्रोजेक्टर, ज्यांच्या घरात दुपारी झोपायला जागा नसते असे सात-आठ निवृत्त लोक, आणि एक्सेल येतं म्हणून धरून आणलेला आयटीतला एक मुलगा. या मंडळाने हल्ली एक मोठं काम अंगावर घेतलं आहे. मराठी माणसांनी सहाय्यक भूमिकांसाठी आजवर जी बक्षिसं मिळवली, जी नामांकनं पटकावली, त्या सगळ्यांची गुणवत्ता यादी करायची. पहिला नंबर, दुसरा नंबर, तिसरा, आणि उत्तेजनार्थ. नायक-नायिकांची यादी करायची नाही, हे पहिल्याच बैठकीत ठरलं. "त्यांचं काय, ते आपलं आपण बघून घेतात," असं तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनी म्हणाल्या आणि ठराव एकमताने मंजूर झाला. मंडळाच्या इतिहासातला तो शेवटचा एकमताचा ठराव.

पहिली अडचण मोजमापाची. बी विंगमधले काका बँकेतून निवृत्त झालेले आहेत आणि ज्याला आकडा नाही त्या गोष्टीवर त्यांचा विश्वास नाही. त्यांनी नातवाच्या पोहण्याच्या क्लासचं स्टॉपवॉच आणलं. माणूस पडद्यावर आला की बटण दाबायचं, गेला की दाबायचं, मिनिटं वहीत. जास्त मिनिटं, जास्त गुण. पद्धत न्याय्य वाटत होती. मग आयटीतल्या मुलाने जूडी डेंच हे नाव काढलं. या बाई 'शेक्सपिअर इन लव्ह'मध्ये राणी एलिझाबेथ होऊन येतात, सगळी मिळून मोजकीच मिनिटं पडद्यावर असतात, आणि ऑस्कर घेऊन जातात. त्याआधी १९७६च्या 'नेटवर्क'मध्ये बिएट्रिस स्ट्रेट यांनी जेमतेम पाच मिनिटांत तेच केलं होतं. आमच्याकडे लिफ्ट यायला याहून जास्त वेळ लागतो.

काका म्हणाले, तो परदेशातला हिशेब झाला, आपल्याकडचं बोला. म्हणून 'अर्धसत्य' लावला. १९८३चा चित्रपट, गोविंद निहलानींचं दिग्दर्शन, विजय तेंडुलकरांची पटकथा, आणि रामा शेट्टीच्या भूमिकेत अहमदनगरहून आलेले सदाशिव अमरापूरकर. रामा शेट्टी येतो मोजक्याच प्रसंगांत. ओम पुरी पोलिसाच्या गणवेशात आतल्या आत शिजत असतात, आणि हा माणूस आवाज न चढवता, डोळ्यांची घाई न करता समोर असा बसतो की खोलीत फौजदार नेमका कोण, असा प्रश्न पडावा. तो पडद्यावर नसतो तेव्हाही त्याचीच भीती वाटत राहते. आता नसलेल्या वेळाचे गुण कसे द्यायचे? स्टॉपवॉचला ते बटण नाही. काकांनी थोडा विचार करून वहीत 'येणे बाकी' असा नवा रकाना आखला.

अमरापूरकरांना त्या भूमिकेसाठी फिल्मफेअरचा सहाय्यक अभिनेत्याचा पुरस्कार मिळाला. पुढे फिल्मफेअरने खलनायकांसाठी वेगळं बक्षीस सुरू केलं, तेव्हा तेही पहिल्यांदा त्यांनीच घेतलं, 'सडक'मधल्या भूमिकेसाठी. म्हणजे आधी दुसऱ्यांच्या खुर्चीत बसायचं, मग आपल्यासाठी खुर्चीच वेगळी करून घ्यायची. नगरची माणसं तशी चिवटच.

दुसरी अडचण जास्त अवघड होती. सहाय्यक म्हणायचं कुणाला? वैजयंतीमालांनी हा प्रश्न फार पूर्वी विचारून ठेवला आहे. १९५५च्या 'देवदास'मधल्या चंद्रमुखीसाठी त्यांना सहाय्यक अभिनेत्रीचं फिल्मफेअर जाहीर झालं आणि त्यांनी ते नाकारलं. पारोइतकीच चंद्रमुखी मोठी, मग मी सहाय्यक कशी, असा त्यांचा रोखठोक मुद्दा. आमच्या मंडळातल्या निवृत्त मुख्याध्यापिकांना हे फार आवडलं. त्यांच्या शाळेत एका पालकाने दुसरा नंबर असाच परत केला होता म्हणे. प्राण यांचं परत करणं निराळं. 'बेइमान'साठी मिळालेला सहाय्यक अभिनेत्याचा पुरस्कार त्यांनी नाकारला तो 'पाकीजा'च्या संगीतकाराला, गुलाम मोहम्मदांना डावललं म्हणून. स्वतःचं बक्षीस दुसऱ्यासाठी परत करणारा माणूस पडद्यावर वर्षानुवर्षं खलनायक होता. यादीत प्राण बसत नाहीत, ते मराठी नव्हेत. पण वहिनींनी त्यांना मंडळातर्फे एक नारळ मंजूर केला आहे, आणि तो अजून क्लबहाऊसच्या कपाटात आहे.

ऑस्करवाल्यांनी तर ही भानगड स्वतःच्या हातानं करून ठेवली. सहाय्यकांची बक्षिसं त्यांनी १९३६च्या चित्रपटांपासून सुरू केली, पण सुरुवातीची काही वर्षं नायक-नायिकांना पुतळा आणि सहाय्यकांना नुसती पाटी, असा पंक्तिप्रपंच होता. पुढे १९४४ साली बॅरी फिट्झजेराल्ड या गृहस्थांना एकाच चित्रपटातल्या एकाच भूमिकेसाठी प्रमुख आणि सहाय्यक अशी दोन्ही नामांकनं मिळाली. प्रमुखात ते हरले, सहाय्यकात जिंकले. एकच माणूस, एकच काम, एकीकडे नापास आणि एकीकडे बोर्डात पहिला! नंतर नियम बदलला. तो काळ महायुद्धाचा, धातूची टंचाई, म्हणून पुतळे प्लास्टरचे. फिट्झजेराल्डसाहेबांनी घरात गोल्फचा सराव करताना काठी फिरवली आणि स्वतःच्याच ऑस्करचं मुंडकं उडवलं. सहाय्यकाचं बक्षीस किती टिकाऊ असतं, याचा याहून स्पष्ट पुरावा काकांच्या वहीतही नाही.

'गॉडफादर'चा किस्सा मात्र आमच्या गावाला चटकन कळला. मार्लन ब्रँडो प्रमुख अभिनेता ठरले. त्यांच्यापेक्षा जास्त वेळ पडद्यावर असलेले अल पचिनो सहाय्यकांत. त्यांच्याच चित्रपटातले जेम्स कान आणि रॉबर्ट ड्युव्हॉल, तेही सहाय्यकांत. एका पॅनलचे तीन उमेदवार एकाच वॉर्डात. बक्षीस गेलं 'कॅबरे'च्या जोएल ग्रे यांना. हे ऐकून दूधवाले मामा म्हणाले, "मतं फुटली, दुसरं काय!" मामांनी ग्रामपंचायतीच्या निवडणुका जवळून पाहिल्या आहेत.

आपल्याकडचा वर्गवारीचा सर्वात मोठा विनोद मात्र शासकीय आहे. महाराष्ट्र शासनाच्या राज्य चित्रपट पुरस्कारांना दिवंगत कलाकारांची नावं देतात, ही चांगलीच गोष्ट. सहाय्यक अभिनेत्याचा पुरस्कार चिंतामणराव कोल्हटकरांच्या नावाचा. चिंतामणराव म्हणजे दीनानाथ मंगेशकरांबरोबर 'बळवंत संगीत मंडळी' उभी करणारे, त्या कंपनीचे एक मालक. मालकाच्या नावानं सहाय्यकाचं बक्षीस! आणि सहाय्यक अभिनेत्रीचा पुरस्कार शांता हुबळीकर आणि हंसा वाडकर यांच्या नावाचा. शांताबाई म्हणजे प्रभातच्या १९३९च्या 'माणूस'ची नायिका. तो चित्रपट आमच्यापासून काही किलोमीटरवर, आज जिथे फिल्म इन्स्टिट्यूट आहे त्या प्रभात स्टुडिओत झाला. हंसाबाई तर 'सांगत्ये ऐका'वाल्या. अनंत मान्यांचा तो तमाशापट पुण्यात विजयानंद टॉकीजला १३१ आठवडे चालला. अडीच वर्षं! या दोघी सहाय्यक?

आता खरी गंमत पुढे आहे. हंसाबाईंनी आत्मकथन लिहिलं, त्यावर श्याम बेनेगलांनी १९७७ साली 'भूमिका' काढला, त्यात हंसाबाईंच्या आयुष्यावर बेतलेली नायिका स्मिता पाटीलने केली आणि प्रमुख अभिनेत्रीचा राष्ट्रीय पुरस्कार मिळवला. पुढे राज्य शासनाने प्रमुख अभिनेत्रीच्या पुरस्काराला स्मिता पाटीलचं नाव दिलं. म्हणजे जिने ते आयुष्य काढलं तिच्या नावानं सहाय्यकाचं बक्षीस, आणि जिने ते पडद्यावर करून दाखवलं तिच्या नावानं प्रमुख भूमिकेचं. यात कुणाचा दोष नाही, दोघीही थोर. पण मुख्याध्यापिका बाईंनी हे ऐकल्यावर चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि पाच मिनिटं काही बोलल्या नाहीत. शाळेत त्यांनी असं केलं की वर्गात टाचणी पडल्याचा आवाज येई, असं त्यांचे एक माजी विद्यार्थी, जे सध्या आमचे चेअरमन आहेत, सांगतात.

दूधवाल्या मामांचं वर सांगितलं. मामा मूळचे इथलेच. जमिनीचा बराचसा भाग टॉवरखाली गेला, उरलेल्या तुकड्यात चार म्हशी आहेत. संध्याकाळी दूध घालायला येतात आणि क्लबहाऊसच्या दारात किटली ठेवून उभ्या उभ्या सिनेमा बघतात. एरवी आमच्या यादीत त्यांना रस नसतो, पण 'मुळशी पॅटर्न' लावला त्या दिवशी मामा खुर्चीत बसले.

२०१८चा चित्रपट. लिहिला आणि दिग्दर्शित केला प्रवीण तरडे यांनी, ते स्वतः मुळशी तालुक्यातलेच. जमीन विकून पैसा उडालेला बाप, गुन्हेगारीत शिरलेला मुलगा. मुलगा ओम भुतकर, बाप मोहन जोशी, पोलीस इन्स्पेक्टर उपेंद्र लिमये. खुद्द तरडे नन्याभाई झालेत. चित्रपट संपल्यावर आम्ही नेहमीप्रमाणे पेन उघडून बसलो. काका म्हणाले, लिमये. वहिनी म्हणाल्या, मोहन जोशींचा बाप. आयटीतला मुलगा चित्रपटातल्या पिट्या या पात्राच्या बाजूनं, कारण त्याच्या ऑफिसात सगळे एकमेकांना पिट्याच म्हणतात. मामा बराच वेळ ऐकून घेत होते. मग म्हणाले, "सायेब, तुम्ही नंबर लावा, पर बापाला सहाय्यक लिवू नका. जमीन त्याच्या नावावर होती." सात-बाऱ्यावर ज्याचं नाव तो नायक, ही व्याख्या ऑस्करच्या नियमावलीत नाही. पण ती त्या नियमावलीपेक्षा जास्त टिकेल असं मला वाटतं. मंडळाने मोहन जोशींची बापाची भूमिका सहाय्यकांच्या वहीतून काढून टाकली, ती याच एका हरकतीमुळे.

'मुळशी पॅटर्न'चं पुढे हिंदीत जे झालं, ते तर वर्गवारीच्या अभ्यासकांनी पाठच करून ठेवावं. २०२१ साली त्याचा 'अंतिम' झाला. मूळ चित्रपटातले एक कलाकार महेश मांजरेकर तिकडे दिग्दर्शक झाले. आणि मुळात सहाय्यक असलेला पोलीस अधिकारी हिंदीत सलमान खानने केला. सलमान खान सहाय्यक होऊच शकत नाही, तेव्हा फलकावर पोलीसच मोठा झाला. मग मूळचे इन्स्पेक्टर उपेंद्र लिमये कुठे गेले? ते 'अंतिम'मध्ये आहेत, नन्याभाईच्या भूमिकेत. पुण्यात ज्यांनी गणवेश घातला, त्यांच्यावर मुंबईत गुंड व्हायची वेळ आली. आमच्या चेअरमनसाहेबांच्या मते बदलीच्या ऑर्डर अशाच निघतात.

हे लिमये म्हणजे २००८च्या 'जोगवा'साठी प्रमुख अभिनेत्याचा राष्ट्रीय पुरस्कार मिळवलेले नट. २०२३च्या 'अ‍ॅनिमल'मध्ये ते फ्रेडी होऊन थोडा वेळ येतात, यंत्र दाखवतात आणि निघून जातात, तर जवळजवळ साडेतीन तासांच्या त्या चित्रपटातून बाहेर पडलेली माणसं फ्रेडीचंच बोलत होती. काकांनी 'अ‍ॅनिमल' मोजायला नकार दिला. स्टॉपवॉच नातवाला संध्याकाळी सहाला परत करायचं असतं, हे त्यांनी दिलेलं कारण. खरं कारण वहिनींना माहीत आहे, पण त्या सांगत नाहीत.

वहिनींची स्वतःची पद्धत वेगळी आहे. डोळ्याला पदर लागला की पाच गुण, दोनदा लागला की दहा. या पद्धतीत दुर्गा खोटे पहिल्या फेरीत सहज पुढे गेल्या. १९३२च्या 'अयोध्येचा राजा'तली ही तारामती, मराठीतल्या पहिल्या बोलपटाची नायिका, बेचाळीस वर्षांनी 'बिदाई'त आई होऊन आली आणि सहाय्यक अभिनेत्रीचं फिल्मफेअर घेऊन गेली. नायिका म्हातारी झाली की सहाय्यक होते; नायक म्हातारा झाला की त्याची नायिका आणखी तरुण होते. हे निरीक्षण वहिनींचं, मी फक्त टिपून घेतलं. सोलापूरच्या शशिकला पदराच्या पद्धतीत मागे पडल्या, कारण 'आरती' आणि 'गुमराह' अशी सलग दोन वर्षं त्यांनी बक्षिसं घेतली ती इतरांना रडवून. बघणाऱ्याचे दात-ओठ खाल्ले जातात, पदर जागेवर राहतो.

आणि ललिता पवार. १९४२ साली शूटिंगमध्ये भगवानदादांची थप्पड चुकीच्या जागी जोरात बसली, चेहऱ्याचा भाग लुळा पडला, डावा डोळा कायमचा अधू झाला. नायिकेची कारकीर्द तिथेच संपली. दुसरी कुणी असती तर घरी बसली असती. या बाईंनी तोच डोळा बारीक करून पुढची कित्येक दशकं सबंध देशातल्या सुनांना घाबरवलं, 'रामायण' मालिकेत मंथरा होऊन प्रत्यक्ष रामाला वनात पाठवलं. पण फिल्मफेअर मिळालं ते कशासाठी? 'अनाडी'मधल्या मायाळू मिसेस डिसासाठी. वर्षानुवर्षं खाष्टपणा करायचा आणि बक्षीस मात्र चांगुलपणाबद्दल घ्यायचं, हे फार थोड्या सासवांना जमलं असेल. ललिताबाई शेवटी औंधला राहत होत्या, तिथेच १९९८ साली गेल्या. औंध म्हणजे आमच्याकडून पाषाण ओलांडलं की आलंच. इतकी मोठी सासू इतक्या जवळ होती, हे कळल्यावर आमच्या सोसायटीतल्या दोन सुना गंभीर झाल्या.

डॉ. श्रीराम लागूंनी 'घरौंदा'साठी फिल्मफेअर घेतलं. नायिकेशी लग्न करणारा वयस्कर, श्रीमंत साहेब. नायक अमोल पालेकर. घराच्या शोधात असलेल्या जोडप्याची ती गोष्ट बघताना आमच्या क्लबहाऊसमध्ये कुणाचंही लक्ष अभिनयाकडे नव्हतं. सगळे बिल्डरने फसवलं त्या प्रसंगावर बोलत होते, आणि प्रत्येकाकडे आपापली गोष्ट होती. लागू त्या दिवशी गुण न मिळताच राहिले. हा अन्याय आहे, पण तो त्यांच्यावर झाला की आमच्यावर, हे ठरवता आलं नाही.

नाना पाटेकरांच्या 'परिंदा'बद्दल दुमत नव्हतं. अण्णा सेठ, आगीला घाबरणारा. राष्ट्रीय पुरस्कारही सहाय्यकाचा, फिल्मफेअरही सहाय्यकाचं. ज्यांना सहाय्यक म्हणायला आयोजकांनाही धीर लागत असेल असे हे एकच नाव. विजया मेहतांचं प्रकरण त्याहून नाजूक. 'रावसाहेब' त्यांनी स्वतः दिग्दर्शित केला, त्यात भूमिका केली, आणि राष्ट्रीय पुरस्कार मिळाला तो सहाय्यक अभिनेत्रीचा. सेटवर सगळ्यांनी ज्यांचं ऐकायचं, त्याच सहाय्यक. आमच्या मुख्याध्यापिका बाई म्हणाल्या, यात नवल काय, माझ्या घरी चाळीस वर्षं हेच चाललंय.

'अस्तु'वरून मात्र भांडण झालं. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा हा पुण्यातला चित्रपट. स्मृती हरवत चाललेले संस्कृतचे पंडित डॉ. मोहन आगाशे. ते हत्तीच्या मागून चालत निघून जातात आणि माहुताची बायको चन्नम्मा त्यांना सांभाळते. चन्नम्मा अमृता सुभाष, तीही कानडी बोलणारी. मराठी चित्रपटात कानडी बोलून राष्ट्रीय पुरस्कार, हे सीमाभागात कुणी केलं असतं तर केवढा गहजब झाला असता! भांडण त्यावरून नव्हतं. तो पुरस्कार दोघींत विभागून होता, दुसऱ्या 'शिप ऑफ थिसियस'मधल्या आयदा अल-काशेफ. काकांचं म्हणणं, विभागून म्हणजे निम्मे गुण. बाईंचं म्हणणं, विभागून म्हणजे दोघींना पूर्ण. यावर आयटीतल्या मुलाने हळूच विचारलं, की मग हत्तीचं काय? तोही सहाय्यक होता आणि मिनिटंही भरपूर होती. बैठक तहकूब झाली.

तशीही तहकूब झालीच असती, कारण टँकर आला होता.

इथे थोडं आमच्या गणेशोत्सवाबद्दल सांगायला हवं. आमच्याकडेही एकांकिकेला सहाय्यक अभिनयाचं बक्षीस असतं, आणि ते गेली काही वर्षं सगळ्यांनाच मिळतं. झाड झालेल्या मुलाला, झाडाच्या मागे उभ्या राहिलेल्या मुलीला, पडदा ओढणाऱ्यालाही. कारण प्रत्येकाचे आईबाप मेंटेनन्स भरतात. बक्षीस म्हणजे स्टीलचा डबा. प्रमुख भूमिकेचं बक्षीस म्हणजे त्याहून थोडा मोठा डबा. त्यामुळे आमच्या इमारतीत एखाद्या घरात कधीच नायक झाला नाही, हे स्वयंपाकघरात डोकावलं की कळतं. डब्यांची उंची सारखी असते.

आता 'अर्थ'. हा चित्रपट आम्ही शेवटी ठेवला होता, कारण त्यात एकाच घरात दोन दावेदार आहेत. कविता झालेली स्मिता पाटील, तिला सहाय्यक म्हणून फिल्मफेअरचं नामांकन. आणि कामवाली बाई झालेली रोहिणी हट्टंगडी, तिला बक्षीस. रोहिणीताई पुण्याच्या, म्हणून काहींचा आधीच कल होता. त्यांची बाकीची कमाईही वहीत होती. 'गांधी'मधल्या कस्तुरबांसाठी सहाय्यक अभिनेत्रीचा बाफ्टा, तोही मॉरीन स्टेपलटन यांच्याबरोबर विभागून. राष्ट्रीय पुरस्कारांत सहाय्यकांची बक्षिसं १९८४च्या चित्रपटांपासून सुरू झाली, तेव्हा अभिनेत्रींत पहिलं बक्षीस त्यांनाच, महेश एलकुंचवारांच्या नाटकावरून झालेल्या 'पार्टी'साठी. शिवाय अमिताभपेक्षा वयाने लहान असून 'अग्निपथ'मध्ये त्याची आई. काकांना हे सगळं माहीत होतं आणि म्हणूनच ते सावध होते. "तीन तीन ठिकाणी ठेवी आहेत म्हणून व्याज जास्त देता येत नाही," असं त्यांनी बजावून ठेवलं होतं.

चित्रपट सुरू झाला. ती बाई येते, जाते, भांडी घासते, भराभरा बोलते. काका दाबताहेत, लिहिताहेत. नवरा दारुडा आहे, मारतो, तिला ठाऊक आहे. तिचं सगळं लक्ष मुलीच्या शाळेकडे. पै पै साठवून शाळेच्या प्रवेशाचे पैसे तिने बाजूला ठेवलेत, आणि एक दिवस ते जागेवर नाहीत. नवऱ्याने उडवले. ती त्याला मारून टाकते. मग नायिकेच्या, म्हणजे शबाना आझमीच्या दारात येते. आपण काय करून आलो याचं तिच्या चेहऱ्यावर फार काही नाही. तुरुंगात गेल्यावर पोरीचं कोण बघणार, एवढी एकच काळजी आहे. कुठलीही मोठी नटी तिथे एक आवंढा जास्त गिळेल. रोहिणी हट्टंगडी गिळत नाहीत. हातावरचं काम अर्धवट सोडून आलेली बाई बोलेल तसं बोलतात. नायिकेचं अख्खं दुःख त्या क्षणी जरा सुखवस्तू वाटायला लागतं, आणि चित्रपट तिथून वेगळ्या रस्त्याला लागतो. सहाय्य म्हणतात ते हे.

काका स्टॉपवॉच थांबवायला विसरले. चित्रपट संपला, दिवे लागले, चहा झाला, वार्षिक सभेच्या तारखेवरून चेअरमनशी वाद झाला, मामा दूध घालून गेले, तरी ते काकांच्या खिशात चालूच होतं. घरी गेल्यावर नातवाने बंद केलं. वहीतल्या नोंदीप्रमाणे 'अर्थ'मध्ये रोहिणी हट्टंगडी तीन तास बेचाळीस मिनिटं पडद्यावर आहेत. चित्रपट त्याहून बराच छोटा आहे, हे आयटीतल्या मुलाने लक्षात आणून दिलं. काका म्हणाले, "एकदा नोंद झाली की झाली. खाडाखोड मी चाळीस वर्षांत केली नाही."

स्मिता पाटीलचा प्रश्न उरतोच. कविता ही भूमिका अवघड, कारण बघणारा आधीच तिच्यावर रागावून बसलेला असतो. संसार मोडणाऱ्या बाईची भीती आणि अपराध तिने इतका खरा केला की वहिनींचा पदर दोनदा हलला आणि दोनदा परत गेला. त्यांच्या पद्धतीत त्याचे गुण नाहीत, पण त्यांनी जाहीर केलं की असते तर दहा दिले असते. नामांकनात हरलेल्या भूमिकांत हिच्याइतकी वरची दुसरी आमच्या वहीत नाही, असा मंडळाचा निष्कर्ष आहे. या एका वाक्यावर मात्र मतदान घ्यावं लागलं नाही.

तेव्हा सूस चित्रपट मंडळाची गुणवत्ता यादी अशी. पहिला नंबर रोहिणी हट्टंगडी, 'अर्थ'. दुसरा सदाशिव अमरापूरकर, 'अर्धसत्य', 'येणे बाकी'सह. दोघांनाही ही फिल्मफेअर एकाच वर्षी मिळाली, त्यामुळे त्या वर्षीच्या समारंभात पुणे आणि नगर यांनी बाकीच्यांना काही ठेवलं नाही, असं मानायला हरकत नाही. तिसरा नंबर ललिता पवार आणि नाना पाटेकर यांच्यात विभागून, आणि विभागून म्हणजे दोघांना पूर्ण; बाईंचं चाललं. उत्तेजनार्थ 'अस्तु'चा हत्ती. मोहन जोशींचा बाप यादीबाहेर, मालक म्हणून.

यादीवर ज्यांना हरकत घ्यायची असेल त्यांनी ती लेखी आणावी, रविवारी दुपारी चारनंतर. पत्ता शोधताना बाणेर विचारू नका. पाषाणकडून आलात की हायवे ओलांडा आणि सरळ सूस विचारा.